तेरावा शुक्रवारी

बसा, चहा येतोच आहे. तोवर मी मेलो होतो तेव्हाची हकीकत सांगतो.

हसू नका! असा धडधाकट समोर बसलोय म्हणून तुम्हाला गंमत वाटते. पण कारंज्यापासून समुद्रपूरपर्यंत माझ्या नावानं लोकांनी डोळे पुसलेत. आणि हा पराक्रम कोणाचा? माझ्या उजव्या हाताच्या या एका बोटाचा. मी मोबाइलवर एकाच बोटानं टाइप करतो ना, तेच हे बोट!

पण त्याआधी मला सांगा, ‘गठाण’ तुम्ही पाहिली का? नाही? मग टीव्हीवर पाहिलं तरी काय तुम्ही?

गठाण म्हणजे रुई दाबून, पट्ट्या मारून बांधलेला तो कापसाच्या जिनिंग कारखान्यातला भला मोठा गठ्ठा. पहिल्याच भागात अशी एक गठाण ट्रकवरून पडते, पट्ट्या तुटतात, रुई फुलून वर येते आणि आतून माणसाचा हात! मी पोहे खात होतो. घास तसाच राहिला हो हातात.

बरं, नुसती मारामारी नाही. त्यातली इन्स्पेक्टरबाई जिना चढताना धापा टाकते. ठाण्यातला पंखा कुरकुरतो, पण फिरत नाही. कोणी वाईट बातमी सांगितली की तीन बाजूंनी तीनदा तोंड दाखवून ढगांचा गडगडाट करत नाहीत. ज्या घरचा माणूस गेलाय तिथे आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहतो, बस्स. इतकी खरी मालिका मी आयुष्यात पाहिली नाही. आणि मी पुष्कळ पाहिल्यात. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. संध्याकाळी एखादा खून पाहिल्याशिवाय मला भात गोड लागत नाही.

हे वेड मला विन्यानं लावलं. विन्या म्हणजे विनायक. शाळेत आम्ही एकाच बाकावर. त्याचं कारंज्याला हायवेवर नळ-पाइपांचं दुकान आणि माझं घर इथे वर्ध्यात, नालवाडीला. पण गुन्ह्याची मालिका असली की आम्ही शेजारीच बसलेले असायचो. तो तिकडे बघायचा, मी इकडे, आणि जाहिरात लागली रे लागली की फोन.

“कोण वाटते बे?” तो विचारायचा.

“डॉक्टर.”

“डॉक्टर नाई बे! डॉक्टर तं दाखवाले आहे. बायको पाय त्याची!”

एवढंच बोलणं. पण जाहिरात संपताना वाटायचं, काय राव, या कंपनीनं अजून दोन साबण विकायला हवे होते.

विन्यात वाईट खोड एकच. खुनी कळला की त्याच्या पोटात राहत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मालिकेचा शेवटचा भाग मला एका लग्नापायी पाहता आला नाही. दुसऱ्या दिवशी निवांत पाहीन म्हणून मी लग्नात कोणाशी धड बोललोसुद्धा नाही, न जाणो कोणी खुनी सांगून टाकला तर! आणि सकाळी दात घासत असताना या पठ्ठ्याचा फोन.

“गज्या, थो कंपाउंडरच निंगाला बे!”

मी फोन कापला. वाटलं, पुन्हा करेल. त्याला वाटलं, कापला यानं, तर यानंच करावा. झालं! लोकांचे अबोले शेतीच्या हिश्श्यावरून होतात, पोरापोरींच्या लग्नावरून होतात. आमचा झाला कंपाउंडरवरून.

दोन वर्षं बघा. या दोन वर्षांत मालिका मी कितीतरी पाहिल्या, पण जाहिरात लागली की हात आपोआप मोबाइलकडे जायचा आणि तिथून पाण्याच्या ग्लासाकडे वळायचा. आमच्या सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं दिसायचं. “करा ना एक फोन. काय तोंड वाकडं होते का?” असं ती म्हणायची. पण मला वाटे, त्यानं करावा!

आता ऐका मी मेलो कसा ते.

हिवाळ्यात काही कामानं जाम गावी गेलो होतो. चौकातल्या टपरीवर चहा पीत उभा होतो, तर पँटवाली एक तरुण बाई समोरून माझ्याकडे टक लावून बघतेय. मी आधी शर्टाची बटणं तपासली. ती जवळ आली.

“अंकल, आपका एक फोटो मिलेगा?”

“मेरा? किसलिए?”

“दीवार पे टांगना है. हमारे सेठजी मर चुके हैं. आपका चेहरा बिलकुल वैसा है.”

तुम्हाला असं कोणी म्हटलं तर तुम्ही काय कराल? मी तर खूश झालो! कारण पुढच्या वाक्यात तिनं सांगितलं, की जवळच्या बंद जिनिंगमध्ये एका मालिकेचं शूटिंग चालू आहे. जिनिंगच्या मालकाचे वडील कथेत आधीच वारलेले आहेत. त्यांचा फोटो इन्स्पेक्टरबाईच्या मागे भिंतीवर हवा. ही बाई म्हणजे त्या भिंती-बिंती सजवणारी. मुंबईहून मुद्दाम कोणी आणायचा तर खर्च, आणि इथे टपरीवर आयतेच सेठजी चहा पीत उभे!

पाच मिनिटांत ठरलं. त्यांच्याच गाडीनं मला घरी आणून सोडलं, मी माझा निवृत्तीच्या दिवशी काढलेला मोठा फोटो भिंतीवरून काढला, फ्रेमसकट, आणि त्याच गाडीत बसून परत निघालो.

वाटेत मी एक काम केलं. त्यांच्याकडे फोटोला घालायला चंदनाच्या सालींचा तो बारीक, दोऱ्यासारखा हार होता. मी म्हटलं, छे! जिनिंगचा मालक वारलाय की शाळेतला शिपाई? लोक काय म्हणतील, पोरानं बापाच्या हारातसुद्धा काटकसर केली? म्हणून मी गाडी थांबवायला लावून स्वतः झेंडूचा हार घेतला. असा मनगटाएवढा!

ती म्हणाली, “अंकल, इतना मोटा? चेहरा दिखना चाहिए.”

“दिखेगा, बेटा. बिनधास्त दिखेगा,” मी म्हटलं.

फ्रेम भिंतीवर चढली, हार चढला. मी माझ्या मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून घेतला. हार जरा तोंडावर येत होता, म्हणून एका हातानं तो बाजूला धरला आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. हात दिसत नाही त्यात, फक्त मी दिसतो. काय दिसतो म्हणता! भारदस्त! जिवंतपणी मी असा कधी दिसलो नाही.

पण तिची ताकीद होती, की मालिका संपत येईपर्यंत हे कोणाला सांगायचं नाही. मी कारकून माणूस. गोपनीय म्हटलं की गोपनीय. सुमन आणि बाहेरगावी नोकरीला असलेला पोरगा, यांच्याखेरीज कोणाला सांगितलं नाही.

मग ‘गठाण’ सुरू झाली. दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता. पहिल्या भागात मी नाही. दुसऱ्यात नाही. चौथ्यात जिनिंगमालकाचं घर दाखवलं, पण नुसतं बाहेरून. मी टीव्हीच्या काचेला नाक लावून खिडकीतून आत बघतोय! सहावा गेला, आठवा गेला, बारावाही गेला. शेवटी त्या बाईला फोन केला, तर म्हणते, “अंकल, तेरहवें में हो आप. पक्का. अब बता दो सबको.”

तेरावा म्हणजे शेवटचा भाग. म्हणजे खुनी पकडला जातो त्या भागात माझ्या फोटोसमोर!

आता खरं सांगतो. स्टेटस सगळ्यांसाठी टाकलं असं माणसं म्हणतात, पण ते कोणा एकासाठीच टाकलेलं असतं. मी टाकलं ते विन्यासाठी. म्हटलं, हा फोटो पाहिल्यावर त्याला राहवणारच नाही. आपोआप फोन करेल, “अबे गज्या, तू गठाणमध्ये?” आणि मग कसला अबोला नि कसला कंपाउंडर!

सोमवारी बसलो लिहायला. आधी लिहिलं, “लोकप्रिय मालिका ‘गठाण’ हिच्या तेराव्या आणि अंतिम भागात प्रस्तुत इसमाचे छायाचित्र...” सुमन म्हणाली, “एवढं कोण वाचते? दोन ओळीत लिवा.” तेही खरंच. कचेरीत माझी ख्यातीच होती, की मसुदा आटोपशीर करावा तर यानं. मग लागलो काटायला. लोकप्रिय काटलं. मालिका काटलं, फोटो पाहून कळणारच म्हटलं. भाग काटलं. शेवटी इतकं सुबक झालं की काय सांगू! हार घातलेला माझा फोटो आणि खाली,

“तेरावा शुक्रवारी, सायंकाळी. अवश्य उपस्थित राहावे.”

हं, हसा! तुमच्या लगेच लक्षात आलं. माझ्या आलं नाही, शपथेवर सांगतो. ‘अवश्य उपस्थित राहावे’ तर हातानं आपसूकच लिहिलं. जन्मभर प्रत्येक नोटिशीखाली तेच लिहीत आलो होतो. बोटाला वेगळं काही येतच नाही.

शेजारपाजारच्यांचं काही बिघडलं नाही. ते मला रोज दूध आणताना, भाजीवाल्याशी वाद घालताना बघत होते. एक शेजारी तर म्हणाले, “हार जरा जाड झाला, साहेब.” म्हणजे बघा, माझ्या मरणावर विश्वास बसला तो फक्त त्यांचा, ज्यांना मी महिनोन्महिने फोन केला नव्हता. हे मला नंतर सुचलं, आणि सुचलं तेव्हा बरं वाटलं नाही.

स्टेटसवर उत्तरं येऊ लागली. तिघाचौघांनी नुसते जोडलेले हात पाठवले. मीही उलट हात जोडले. समुद्रपूरचे माझे चुलतभाऊ नामदेवदादा, त्यांनी लिहिलं, “विश्वासच बसत नाही.” मी लिहिलं, “आभार. शुक्रवारी अवश्य.” कोणाचाही फोन मात्र आला नाही. मला आश्चर्य वाटलं. पण तुम्हीच सांगा, मेलेल्या माणसाला फोन कोण करतो?

आणि विन्या? कोणी कोणी पाहिलं ते दिसतं ना, तिथे मी दर थोड्या वेळानं जाऊन बघत होतो. दुपारी त्याचं नाव आलं. पाहिलं! मी मोबाइल मांडीवर घेऊन बसलो. चहा झाला. संध्याकाळ झाली. फोन नाही.

“पाहिलं त्यानं, आणि फोन नाही,” मी सुमनला म्हटलं.

“असन कामात.”

“कामात नाही. जळला तो. माझं नाव झालेलं बघवत नाही त्याला.”

त्या दिवशी मी नीट जेवलोसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं मला. हारासकट फोटो पाहून ज्याच्या तोंडून एक शब्द निघत नाही, तो कसला मित्र?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनच्या मोबाइलवर कारंज्याहून फोन. विन्याची बायको, कुंदावहिनी. सुमनचे हात कणकेत, म्हणून तिनं स्पीकर लावला. दोन्ही बाजू मी माझ्या या दोन्ही कानांनी ऐकल्या. तुम्हीही ऐका.

“वहिनी, स्टेटस पाह्यलं. विश्वासच नाई बसून राह्यला,” कुंदावहिनी म्हणाल्या.

“मले बी पयले नाईच बसला,” सुमन म्हणाली.

“कसं झालं हो हे?”

“जामले गेलते. टपरीवर च्या पिऊन राह्यलते. तिथंच झालं.”

“तिथंच? जागेवरच?”

“हाव ना. पाच मिन्टंही नाई लागले. यायले तं काही समजलंच नाई.”

“माय वं! सोबत कोणी होतं का?”

“कोणीच नाई. सारे अनोळखी. पण मोठे चांगले लोकं होते, गाडीनं घरी आणून सोडलं.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

“आमाले काऊन नाई कळवलं, वहिनी? आम्ही एवढे परके झालो का?”

“काय करता! वरूनच मनाई होती.”

“आन आमचे हे तुमच्या यायच्यासंगं बोलत नोते. काल दुपारपासून दुकान बंद करून बसून आहे. जेवले बी नाई.”

“विनायकभाऊजीचं नाव तं आमच्या घरी रोज निंगते. तुम्ही दोघं यावं, हेच यायच्या मनात.”

आता तिकडून सरळ हुंदकाच आला. “येतो, वहिनी. शुक्रवारी येतो आम्ही.”

“जेवूनच जा. तेराव्याले कोणाले उपाशी थोडंच पाठोतो!”

फोन बंद झाला. सुमन कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. “अहो, रडल्या त्या. फोटोपायी कोणी रडते का?”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “कला आहे ती, सुमन. काळजाला भिडते.”

लाज वाटते आता. पण त्या क्षणी माझी छाती फुगली होती हो! विन्यानं दुकान बंद केलं, जेवला नाही, म्हणजे पश्चात्ताप झाला गड्याला! आणि शुक्रवारी तो येणार, माझ्या शेजारी बसून तेरावा पाहणार. मला अजून काय हवं होतं?

शुक्रवारी सकाळपासून माझी लगबग. पुढच्या खोलीतला सोफा हलवला, सतरंजी अंथरली, खुर्च्या मांडल्या. शूटिंगहून परत आलेली ती फ्रेम टीव्हीशेजारी स्टुलावर ठेवली. मालिकेत दिसते तशीच दिसावी म्हणून तिला नवा झेंडूचा हार घातला. सुमन ओरडली, “जित्या माणसाच्या फोटोले हार! काढा थो!” मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. संध्याकाळी डास फार होतात, म्हणून फ्रेमपुढे अगरबत्तीही लावली.

आणि मग दाढी करायला आतल्या खोलीत गेलो. त्या दाढीनं घात केला.

मी गालाला फेस लावत असताना नामदेवदादा आले. मागून माझ्या कचेरीतले दोन जुने सहकारी. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे गप्प. सुमन पाटवडीच्या रश्श्याला कांदे चिरत होती, ती लाल डोळ्यांनी बाहेर आली आणि पदराला नाक पुसत म्हणाली, “बसा.” सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला आतून वाटलं, वा, काय शिस्तीचे प्रेक्षक आहेत!

तेवढ्यात कुंदावहिनी आल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांचा आवाज आला, “वहिनी, हिंमत धरा.”

सुमन म्हणाली, “त्यात काय हिंमत? पाटोड्या झाल्या, आता पोळ्याच राह्यल्या.”

आणि बाहेर विन्याचा आवाज. दोन वर्षांनी ऐकला मी तो. माझा वस्तरा गालावरच थांबला. आरशातून, अर्धवट लोटलेल्या दारातून मला तो दिसला. केस पिकलेत. हातात पिशवी. पिशवीतून त्यानं नवा टॉवेल आणि गांधी टोपी काढली, माझ्या फोटोसमोर ठेवली आणि खाली मांडी घातली.

टॉवेल-टोपी कशाला आणली असेल यानं? मला काही उमगेना. माझा सत्कार-बित्कार करतोय की काय?

“गज्या,” तो फोटोला म्हणाला, “दोन वर्सं बोललो नाई बे तुह्यासंगं.”

नामदेवदादांनी नाक पुसलं.

“रोज वाटे, आज फोन लावतो. तुहा नंबर काढो आन ठेवून देवो. म्हटलं, त्यानं कापला, थोच लावन. आता कोण लावन बे?” त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. “गठाण पाह्यली का तू? मी पाह्यली. बाराचे बारा भाग पाह्यले. जाहिरात लागली का बायकोले विचारो, कोण वाटते? थे म्हने, मले झोप येऊन राह्यली. तुह्यासारखं कोणी नाई बे. आज तिचा तेरावा आहे. आन आजच तुहा तेरावा. काय योग आणला देवानं!”

तिचा तेरावा. माझा तेरावा.

माझ्या हातून वस्तरा बेसिनमध्ये पडला. एका झटक्यात सगळं दिसलं मला. पांढरे कपडे, जोडलेले हात, टॉवेल-टोपी, अगरबत्ती! अरे देवा, मी माझ्याच तेरवीचं आमंत्रण दिलं होतं! टॉवेल-टोपी सत्काराची नव्हती, माझ्या पोराला आहेर म्हणून आणलेली होती.

आता बाहेर जायचं कसं? तुम्हाला वाटेल, त्यात काय, जावं आणि सांगावं. पण बघा ना, तो एवढा मोठा माणूस चारचौघांत ढसाढसा रडतोय. मी समोर जाऊन उभा राहिलो तर त्याची काय शोभा होईल? दोन वर्षांनी आलेला माणूस अपमान होऊन गेला तर पुन्हा जन्मात यायचा नाही. मी दाराशी उभा राहून घाम पुसतोय, आणि घामाबरोबर फेसही. मनात म्हटलं, रडणं ओसरू दे, मग हळूच एखाद्याला खुणेनं आत बोलावू.

पण विन्या ओसरतोय थोडाच! तो फोटोकडे सरकला, खासगी आवाजात म्हणाला, “एक गोष्ट सांगाची राह्यली, गज्या. खुनी कोण थे मले समजलं बे. बाराव्यातच समजलं. कोणाले सांगितलं नाई, तुह्यासाठी ठेवलं. आता तुले सांगतो. थो...”

काय सांगू तुम्हाला! माणूस मेलेला असला म्हणून काय झालं? बारा आठवडे मी काढले होते!

“विन्या, सांगू नको बे!”

ओरडतच बाहेर आलो मी. अर्ध्या तोंडाला फेस, खांद्यावर पांढरा पंचा, अंगात बनियन. कुंदावहिनींची किंकाळी नालवाडीच्या पार टोकापर्यंत गेली असेल. कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं खुर्चीवर पाय वर घेतले. नामदेवदादा डोळे मिटून रामनाम घेऊ लागले. सुमन पोळीचं लाटणं घेऊन धावत आली आणि मला म्हणाली, “अहो, आंगात सदरा तं घाला!”

विन्या तसाच बसलेला. त्यानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“जिता आहे तू?”

“हाव.”

“मंग थे तेरावा?”

“गठाणचा. तेराव्या भागात माझा फोटो आहे. हे बघ, हाच फोटो. मला वाटलं, तुला कळेल.”

“मले वाटलं, पोरानं टाकलं तुह्या फोनवरून.” तो सावकाश उठला. आणलेल्याच टॉवेलनं त्यानं तोंड पुसलं, आणि मग जो फुटला! “भैताडा! चार दिवस घशाखाली घास नाई उतरला माह्या! दुकानात गिऱ्हाइकासमोर रडलो मी! एवढ्या लोकायसमोर तमाशा केला तू माहा! चाल वं कुंदा!”

तो निघाला. चपला पायात सरकवल्या. मी माफी मागणार होतो, पण माफीचे शब्द मला येईनात. कचेरीच्या भाषेत ‘दिलगिरी व्यक्त करतो’ येतं तेवढंच, आणि ते विन्याला काय सांगणार? तो पायरी उतरला. आता गेला तर गेलाच.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं,

“विन्या, कोण वाटते बे?”

तो थांबला. वळला नाही.

“मुनीम वाटतो मला,” मी म्हटलं.

“मुनीम नाई बे!” तो फाटकाकडे तोंड करूनच म्हणाला. “मुनीम तं दाखवाले आहे.”

“मग कोण?”

आता वळला. डोळे अजून ओलेच. “सांगू? रागावशीन पुन्हा दोन वर्सं.”

“सांग. कधीचा सांग म्हणतोय.”

त्यानं चपला काढल्या, आत आला आणि माझ्या कानात नाव सांगितलं. बरोबर निघालं की चूक, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही मालिका बघा. उगाच सांगायचो, आणि तुम्ही बोलायचं बंद करायचे.

नामदेवदादांनी तेवढ्यात डोळे उघडले. सगळा प्रकार समजून घेतला आणि फार गंभीरपणे विचारलं, “मंग जेवण आहे का नाई?”

जेवण होतंच. सुमननं सगळ्यांना वाढलं. ताटं मांडीवर घेऊन, माझ्या तेराव्याला आलेली सगळी मंडळी टीव्हीसमोर सतरंजीवर बसली. मी मध्ये, विन्या शेजारी. सात वाजले. तेरावा सुरू झाला.

पहिली जाहिरात झाली, दुसरी झाली. दोन्ही वेळा विन्या आणि मी इतकं बोललो की नामदेवदादांनी आम्हाला दटावलं. आणि मग आलं ते जिनिंगमालकाचं घर. आतून! इन्स्पेक्टरबाई धापा टाकत जिना चढली, खोलीत शिरली आणि भिंतीसमोर येऊन उभी राहिली.

“आता बघा,” मी म्हटलं.

भिंत दिसली. भिंतीवर फ्रेम दिसली. फ्रेमवर हार दिसला. मनगटाएवढा, पिवळाधम्मक, झेंडूचा. मोबाइलवर फोटो काढताना तो बाजूला धरायला माझा हात होता. शूटिंगच्या वेळी धरायला कोण होतं? या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्रेममध्ये नुसता झेंडू!

इन्स्पेक्टरबाई तिथे किती वेळ उभी! कॅमेरा जवळ गेला, अजून जवळ गेला. झेंडूच्या पाकळ्या मोजता आल्या असत्या.

“कुठं आहे तू?” विन्यानं विचारलं.

“हारामागे,” मी म्हटलं.

“कान दिसला,” सुमन म्हणाली. “डावा.”

कोणी हसलं नाही. मला वाटतं, ते त्यांनी मी नुकताच मेलो होतो म्हणून केलं असावं.

भाग संपला, खुनी सापडला, मंडळी उठली. विन्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो. त्याची पिशवी रिकामी होती. टॉवेल-टोपी स्टुलावरच राहिली होती, म्हणून मी आणायला वळलो, तर त्यानं माझा हात धरला.

“राहू दे. कधी ना कधी कामात येईन,” तो म्हणाला. मग गाडीत बसताना काच खाली करून म्हणाला, “आन आयक, गज्या. तुह्या खऱ्या तेरवीले हार मी आणीन. पातळ. तोंड दिसलं पायजे.”